अपघातानंतर घर पुन्हा रुळावर यायला किती दिवस लागतात?

ताई, यजमान ४ महिने अंथरुणावर आहेत म्हणता. आमच्याकडे अडीच वर्षं लागली. आम्ही कर्नाटकातल्या निपाणीचे. कागलजवळ हायवेवर दादाला ट्रकनं उडवलं, मणक्याला मार.

आधी पाठ बघा. दर २ तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. आमच्यात पाळ्या होत्या: बाराला आई, दोनला मी, चारला वैनी. माकडहाडाजवळची कातडी लाल झाली आणि बोटानं दाबून सोडली तरी लालच राहिली, तर जखमेची सुरुवात समजा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.

मग कागद. भरपाईचा दावा अपघात झाला तिथंच लावावा लागतो असं नाही. आपण राहतो त्या भागातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही लावता येतो. आमचा अपघात महाराष्ट्रात, दावा इकडं. एप्रिल २०२२ पासून कायद्यात ६ महिन्यांची मुदत आलीय, म्हणजे तुमच्या हातात दोनच महिने. उद्याच वकील गाठा. इकडचे कागद कन्नडमध्ये. शेजारच्या पोराकडून वाचून घेतल्याशिवाय आम्ही एकावरही सही केली नाही.

पैशाचं म्हणाल तर वैनीनं विड्या वळल्या. वर्षभरानं दादा टेकून बसायला लागला, तसा तिला पानं कातरून द्यायचा. वाकडीतिकडी. एकदा वैनी वैतागून म्हणाली, "असली पानं कारखानदार माझ्या तोंडावर मारील," तेव्हा अपघातानंतर पहिल्यांदा तो मोठ्यानं हसला.