परीक्षेनंतर उरलेले तास

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोहोचले. वर्गातल्या मुलांचे पेपर लिहून झाल्यावर उरलेला वेळ नुसती राखण करण्यात जातो, आणि त्या वेळेचे काय करावे ते सुचत नाही, असे तू लिहिले आहेस. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझेही असेच झाले होते. मी टेबलाशी निकालपत्रके भरत बसले आणि मुलांना चित्रे रंगवायला दिली. तिसऱ्या दिवशी चौथीतल्या एका मुलाने जवळ येऊन विचारले, "बाई, आता शाळेत कशाला यायचं?" त्याच्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता, त्याला खरोखरच कारण हवे होते आणि ते सांगायला माझ्याकडे काही नव्हते.

त्यानंतरच्या वर्षांत माझे एक मत पक्के होत गेले. वर्षभरात आपल्याला काय येऊ लागले हे मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि त्यातले काही दुसऱ्याच्या हाती द्यावे, एवढे साधेल असेच उपक्रम एप्रिलमध्ये घ्यावेत. 2025 साली राज्यभरातील पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत चालल्या. त्यानंतर 1 मेचा निकाल तोंडावर असतो आणि तुझ्यापुढे उत्तरपत्रिकांचा ढीग असतो, त्यामुळे परीक्षेनंतरच्या मोकळ्या आठवड्याची वाट पाहू नकोस. दिवसाला एकच पेपर असेल तर तो झाल्यावर मिळणारा तास-दीड तास धरूनच आखणी कर.

पहिले काम जूनच्या वह्यांचे. माझ्या वर्गातल्या एका मुलीने जूनमध्ये 402 मधून 178 वजा करून 376 उत्तर काढले होते. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, मग तो वर असो की खाली, हा तिचा तेव्हाचा नियम होता. एप्रिलमध्ये ती वही मी काही न सांगता तिच्यापुढे ठेवली. ती बराच वेळ पाहत राहिली, मग तिने पेन्सिलीने शेजारी 224 लिहिले आणि म्हणाली, "बाई, मी तेव्हा दशक सोडवलाच नव्हता." मी तिला तिसरीच्या एका मुलाशेजारी बसवले. तिने काड्यांच्या चार मोठ्या गठ्ठ्यांपैकी एक सोडून त्याचे दहा दशक केले, त्यातला एक दशक पुन्हा सोडून सुट्ट्या दोन काड्यांत मिसळला आणि त्या मुलाकडून बारा काड्या मोजून घेतल्या. शून्यावरून हातचा कसा घ्यायचा हे समजावताना ती दोनदा अडली आणि दोन्ही वेळा स्वतःच मागे जाऊन तिने गठ्ठे पुन्हा बांधले. तिला वजाबाकी किती पक्की समजली आहे हे मला त्या वीस मिनिटांत जितके कळले तितके तिच्या उत्तरपत्रिकेतून कळले नसते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे एका परीक्षेऐवजी वर्षभर मुलाची प्रगती पाहून नोंदवण्याची पद्धत, आपल्याकडे 2010 पासून आहे. त्यातल्या वर्णनात्मक नोंदींमध्ये "प्रगती समाधानकारक" असे ठरीव वाक्य उतरवण्याऐवजी असे पाहिलेले लिही.

दुसरे काम पत्रांचे. पुढच्या वर्षी या वर्गात बसणाऱ्या मुलांना तुझ्या मुलांनी पत्र लिहावे. "खूप अभ्यास करा" या वाक्याला मात्र सुरुवातीलाच मनाई कर, नाहीतर सगळी पत्रे सारखी येतील. कोणता धडा अवघड गेला आणि तो शेवटी कसा समजला, कोणत्या खिडकीशी पावसाचे पाणी येते, बाईंना काय विचारले तर त्या पुन्हा समजावतात, असे कामाचे लिहायला सांग. शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेन चालवू नकोस. पत्र वाचणारे मूल आहे, साहेब नाहीत.

सकाळची शाळा असते, तेव्हा उन्हाच्या आत एखादा दिवस बाहेरही काढ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात पाने, बिया, शिंपले हेच शिकण्याचे साहित्य होते. गावातली झाडे मोजून त्यांची यादी करणे एवढेही पुरेसे आहे, आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली तर मुले जाता-येता ती दाखवत राहतात.

तुझी शाळा चौथीपर्यंतच आहे, म्हणून निरोप समारंभाबद्दल थोडे स्पष्ट लिहिते. तासभर भाषणे, हार आणि शेवटी रडणारी मुले, हे मला कधीच पटले नाही. मुलाच्या मनात त्या वेळी भीती असते ती नव्या शाळेची, आणि भाषणाने ती जात नाही. त्यापेक्षा मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची संमती घेऊन चौथीच्या मुलांना एकदा ती पाचवीला जाणार त्या मोठ्या शाळेत ने. पाचवीचा वर्ग कुठे भरतो, प्यायचे पाणी कुठे आहे, स्वच्छतागृह कोणत्या बाजूला आहे, हे त्यांना पाहू दे. आपल्याच गावातून तिथे गेलेली दोन-तीन मुले त्यांना भेटव आणि तू थोडी दूर उभी राहा. विशेषतः मुलींच्या आयांना सोबत घे. रस्ता कसा आहे आणि सोबतीला कोण आहे, हे आईने स्वतः पाहिले की जूनमध्ये पोरीचे नाव घालताना तिची चालढकल पुष्कळ कमी होते, हा माझा अनुभव आहे.

हे सगळे एकाच वर्षी जमेल असे नाही. या वर्षी वह्या आणि चौथीची भेट एवढेच केलेस तरी चालेल. जमल्यास पत्रेही लिहून घे, पण ती लाकडी कपाटात ठेवू नकोस, सुट्टीत वाळवी लागते. पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या घालून ठेव आणि पेटीची किल्ली मुख्याध्यापकांकडे दे, म्हणजे मधल्या काळात तुझी बदली झाली तरी जूनमध्ये ती पत्रे मुलांच्या हाती पडतील.

तुझी,
बाई