कॅटसाठी नोकरी सोडू का?

कॅट म्हणजे आयआयएम आणि इतर कॉलेजांतल्या एमबीएची प्रवेश परीक्षा. जुलै उजाडला की ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या सल्ल्याच्या खोलीत हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे चोवीस-पंचवीस वर्षांचे, दोन-तीन वर्षं नोकरी केलेले. वेळ मागतात रात्री साडेआठची, कारण त्याआधी ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसांतून सुटका होत नाही.

मागे एक मुलगी आली होती, तिला इथे मधुरा म्हणू. ती तर राजीनाम्याची मेल तयार ठेवूनच आली. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, "मॅडम, फक्त सेंड दाबायचं बाकी आहे. अभ्यासाला वेळच मिळत नाही." शेजारी आई, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"नोटीस पिरियड किती?"

"साठ दिवस."

भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलं. त्या दिवशी 12 जुलै. आज मेल गेली तर सुटका 10 सप्टेंबरच्या सुमारास. कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. हाती उरतात अकरा आठवडे, त्यात नवरात्र आणि दिवाळी. एवढ्यासाठी चालू पगार सोडायचा? धाकट्या भावाची इंजिनिअरिंगची फी त्याच पगारातून जात होती, हे आईकडून नंतर कळलं. मेल ड्राफ्टमध्येच राहू दे, एवढंच मी त्या दिवशी म्हटलं.

मग तिने वेळापत्रक दाखवलं. एक्सेलमधलं, चार रंगांचं. पहाटे 5 ते 7 क्वांट, म्हणजे गणित, ट्रेनमध्ये वाचन, रात्री 9 ते 11 डीआयएलआर, म्हणजे डेटा इंटरप्रिटेशन आणि लॉजिकल रीझनिंग, तक्ते आणि तर्काची कोडी. रोज चार तास, आठवड्याचे 28. असली वेळापत्रकं मी खूप पाहिली आहेत. रंग जितके जास्त, तितकी ती लवकर मोडतात. ठाणे-ऐरोली लोकल जेमतेम दहा-बारा मिनिटांची, आणि सकाळी दहा नंबरच्या फलाटावरून आत शिरून नीट उभं राहता आलं तरी नशीब. तिथे कसलं वाचन? तिचा खरा वेळ वर्तकनगर ते स्टेशन जायचा, रिक्षाच्या रांगेत.

इथे मीही एक चूक केली. "पाच नको, साडेपाचला उठून बघ," असं सुचवलं. तीन दिवस उठली. चौथ्या दिवशी गजर बंद करून झोपली आणि आठवडाभर स्वतःवर चिडून राहिली. रात्री साडेबाराला झोपणाऱ्या मुलीला साडेपाच सुचवताना मी विचार करायला हवा होता. आईचं मात्र ठरलेलं, "आम्ही दहावीला चारला उठायचो." काकू, दहावीला तुम्ही ऐरोलीला कामाला जात नव्हतात, हे मी मनातच ठेवलं.

दुसऱ्या भेटीत साधी शंभर पानी वही दिली. सांगितलं, आठवडाभर काहीही बदलू नकोस. खरोखर अभ्यास झाला, तेवढाच रात्री लिही. वही आली तेव्हा बेरीज निघाली साडेनऊ तास. आई म्हणाल्या, "मोबाइल किती तास ते नाही लिहिलं." वहीची पोलीस चौकी करू नका, असं मी त्यांना जरा स्पष्टच सांगितलं.

साडेनऊ ऐकून मधुराचा चेहरा पडला. मला मात्र काम करायला खरा आकडा मिळाला होता. त्यावरून नवी आखणी केली. आठवड्यात चार दिवस एकेक तास, तोही घरी पोहोचण्याआधी वाटेवरच्या अभ्यासिकेत, कारण घरी जेवण झालं की डोळे मिटायचे. शुक्रवार कोरा. शनिवारी चार तास, रविवारी पाच. एकूण तेरा. चुकलेला तास दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही, तो गेला.

खरा गुंता रविवारी सुटला. कॅट 2020 पासून दोन तासांची झाली आहे. तीन विभाग, प्रत्येकी 40 मिनिटं, आणि वेळ संपेपर्यंत दुसऱ्या विभागात जाता येत नाही. मधुरा मॉक, म्हणजे सराव परीक्षा द्यायची, पर्सेंटाइल, म्हणजे शंभरात किती जण आपल्या मागे ते बघायची, उदास व्हायची आणि लॅपटॉप मिटायची. मी म्हटलं, पुढचा मॉक घेऊन ये, मला दाखव. डीआयएलआरमध्ये पाच सेट होते, म्हणजे एकेका कोड्यावरचे प्रश्नांचे गट. पहिल्याच सेटवर तिची 22 मिनिटं गेली होती. एका हॉटेलात कोण कुठल्या मजल्यावर राहतं, असलं काहीतरी. "सोडावासा नाही वाटला?" तर म्हणाली, "एवढी मिनिटं घातली होती ना त्यात." नंतर उरलेल्यांतला चौथा सेट तिने माझ्यासमोर नऊ मिनिटांत सोडवला.

ही सवय नोकरी सोडून दिवसाला आठ तास बसली असती तरी तशीच राहिली असती. म्हणून रविवारचे दोन तास मॉकला आणि तीन तास त्याच्या चिरफाडीला. पहिली चार-पाच मिनिटं फक्त सगळे सेट वाचायचे, दोन निवडायचे, बारा मिनिटांत धागा सापडला नाही तर सोडायचा. मॉकची वेळही फिरती: कधी सकाळी 8:30, कधी दुपारी 12:30, कधी 4:30. परीक्षेच्या पाळ्या याच असतात आणि आपल्याला कुठली मिळेल ते आपल्या हाती नसतं. रात्री अकराला तरतरीत असण्याचा उपयोग शून्य.

ऑक्टोबरात ऑफिसातल्या रिलीजच्या कामामुळे दोन आठवडे वही कोरी राहिली. रडली, परत लागली.

कॅटमध्ये 92 पर्सेंटाइल आले. तिच्या मनातल्या आयआयएमसाठी ते पुरेसे नव्हते आणि तिला ते लागलं. पण पुढे राज्याची एमबीए सीईटी होती: 150 मिनिटांत 200 प्रश्न, चुकलं तरी गुण कापले जात नाहीत. प्रश्नाला 45 सेकंद. सोडायला शिकलेल्या मुलीला ही परीक्षा मानवली. मुंबईतल्या एका चांगल्या कॉलेजात नंबर लागला.

त्यानंतर एके रात्री तिचा फोन. आवाजात घाई. "मॅडम, कॉलेज तीन आठवड्यांत सुरू होतंय आणि मेल मी आज पाठवली. नोटीस पिरियड कमी कसा करून घेऊ?"

ते एचआरला विचार म्हटलं. माझ्याकडे त्याचं वेळापत्रक नव्हतं.