ओल्या दगडावर धार लावायला शिकताय?

मित्रा ओल्या दगडाचं धार लावायचं मशीन घेतलंस ते बेस्ट केलंस, पण पहिल्याच दिवशी आईची रोजची सुरी लावू नकोस, चोर बाजारातून सुताराची एखादी जुनी पटाशी आण आणि तिच्यावर हात बसव. दगड आधी भरपूर पाणी पितो, मशीन चालू ठेवून ट्रेमधे घालत राहा, पातळी उतरायची थांबली की मग हत्यार टेकव.

साधा कोरडा ग्राइंडर मिनिटाला 2800 च्या आसपास फिरतो, हा 250 मिमीचा दगड साधारण 90 फेरे, त्यामुळे वेळ लागतो पण पातं तापत नाही. कोरड्यावर टोक निळं पडलं की तिथल्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला समज, मग तो निळा भाग पूर्ण घासून काढेपर्यंत धार टिकत नाही.

पटाशी 25 अंश, किचनची सुरी दर बाजूला 15 ते 20. कोन बरोबर बसलाय का बघायला धारेच्या उतारावर काळं मार्कर फासायचं आणि दगड हाताने जरासा फिरवायचा, शाई फक्त वरच्या कडेची गेली तर जिग (हत्यार ठराविक कोनात धरणारी पकड) हलव, अख्खी निघाली तरच मोटर चालू कर. दुसऱ्या बाजूने बोटाला सलग खरखर लागेपर्यंत थांबायचं नाही, इथेच सगळे घाई करतात!

मग लेदरच्या चाकावर पॉलिशची पेस्ट लावून ती खरखर काढ, पण चाक धारेपासून लांब फिरलं पाहिजे, मी एकदा उलटं धरून लेदर कापलंय.

आणि आपल्याकडच्या पावसात हत्यार लगेच पुसून शिलाई मशीनचं तेल लाव, ट्रे पण काढून ठेव, दगड रात्रभर पाण्यात नको.