फळ्यावरचं ‘अंग ७२७’

प्रश्न असा आहे : “गुरुद्वाऱ्याच्या दाराशी फळ्यावर त्या दिवसाचा हुकमनामा देवनागरीतही लिहिला होता. नामदेवांचा शबद (पद), आणि खाली ‘अंग ७२७’. हा पान क्रमांक का? मराठीत लिहिताना ‘पान ७२७’ केलं तर चालेल?”

हो, शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबातला पान क्रमांकच. पण मराठीतही ‘अंग’च ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन.

अंग म्हणजे मुळात अवयव. मराठीत आपण अख्ख्या शरीराला अंग म्हणू लागलो, तरी पंचांग, अष्टांग यांत जुना अर्थ शाबूत आहे. पंजाबीत तोच अर्थ इथे लागतो. १७०८ साली नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुगादी ग्रंथाला दिली. तेव्हापासून शिखांचे गुरू म्हणजे गुरू ग्रंथ साहिब. आणि गुरूला पानं नसतात, अंगं असतात. आजच्या छापील सरूपात ती १४३० आहेत. ‘सरूप’ हा शब्दही तसाच, स्वरूपावरून आलेला. गुरू ग्रंथ साहिबाच्या ‘प्रती’ कोणी मोजत नाही, ‘सरूपं’ मोजतात.

हा एकटा शब्द नाही, गुरुद्वाऱ्यातलं सगळं बोलणंच असं आहे. पहाटे ग्रंथ ‘उघडत’ नाहीत, ‘प्रकाश’ होतो. रात्री ‘मिटत’ नाहीत, ‘सुखासन’ होतं. मी एकदा सुखासन अगदी जवळून पाहिलं. ग्रंथींनी, म्हणजे ग्रंथाची सेवा करणाऱ्यांनी, सरूप रुमाल्यांत (वस्त्रांत) हलक्या हातांनी लपेटलं, डोक्यावर घेतलं, मागे एक जण चौरी ढाळत चालला आणि बसलेली सगळी संगत उठून उभी राहिली. आत गादी, उशा, वर चांदवा, अशी निजण्याची खोली तयार होती. आपल्याला लगेच काकडआरती आणि शेजारती आठवते. साम्य आहेच, पण फरक मोलाचा आहे : इथे मूर्ती नाही, मान वाणीचा आहे. चौथे गुरू रामदास यांचं वचनच आहे, ‘बाणी गुरू, गुरू है बाणी’.

हुकमनामा शब्दही याच नात्यातला. अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली की सरूप सहज उघडतं त्या ठिकाणी डाव्या अंगावर वर जो शबद असेल तो वाचतात. तो आधीच्या अंगावर सुरू झाला असेल तर मागे जाऊन सुरुवातीपासून. ती त्या दिवसाची गुरूची आज्ञा. म्हणून ती फळ्यावर लिहितात, येणारा जोडे काढता काढता वाचतो.

जीर्ण झालेलं सरूपही रद्दीत जात नाही. त्याला सन्मानाने अग्नी देतात. पंजाबात गोइंदवाल साहिबला त्याची सोय आहे आणि त्या विधीचं नाव ‘अगन भेट’. अंग शब्द किती शब्दशः घेतला आहे, हे मला तिथे सर्वांत जास्त जाणवतं.

आता मराठीतली अडचण. ‘७२७व्या अंगावर’ लिहिलं तर वाचणारा क्षणभर अडखळेल, कारण अंगावर म्हटलं की आपल्याला सदरा नाहीतर पाऊस आठवतो. म्हणून आकडा मागे ठेवून ‘अंग ७२७ वर’ लिहावं. क्रियापदही सांभाळा. ‘मंचावर ग्रंथ ठेवला होता’ असं बातम्यांत सर्रास असतं. ‘गुरू ग्रंथ साहिब विराजमान होते’ हे आदरार्थी अनेकवचन मराठीला मुळीच जड नाही. ज्ञानेश्वरीला माउली म्हणणाऱ्यांना तर नाहीच नाही.

तुमचं वाक्य मग असं होईल : गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांचे ६१ शबद आहेत, त्यांतला ‘मै अंधुले की टेक तेरा नामु खुंदकारा’ हा, म्हणजे मज आंधळ्याची काठी तुझं नाम, अंग ७२७ वर, राग तिलंगमध्ये आहे.