आधी ओळ दाखव

प्रिय मुली,

बालकवींच्या 'औदुंबर' या आठ ओळींच्या कवितेवरचं टिपण तू पुन्हा फाडलंस आणि वर 'मला बहुतेक कविता कळतच नाही' असं लिहून मोकळी झालीस. त्या वाक्याला मी उत्तर देणार नाही. ज्यांना कविता कळत नाही ते टिपण फाडत बसत नाहीत, सुबक अक्षरात लिहून वेळेवर देऊन टाकतात.

मुद्द्यावर येऊ. पहिल्यांदा तुला ते साधं निसर्गचित्र वाटलं. झरा, टेकडी, शेतमळे, शेवटी एक झाड. मग कुणीतरी सांगितलं, औदुंबर म्हणजे मृत्यू. लगेच तू चार कडव्यांत आयुष्याच्या चार अवस्था बसवल्यास. मग बालकवींचं चरित्र हाती लागलं: मे 1918, भादलीजवळ रेल्वेखाली मृत्यू, वयाची 28 वर्षंही पुरी झालेली नव्हती. तुझी खात्रीच पटली. आणि आता शेवटच्या कडव्यातला 'गोड काळिमा' आडवा आलाय. मरणाची सावली गोड कशी असेल, असं विचारतेस.

तुला वाटतंय, तू एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलीस. मला तसं दिसत नाही. पहिल्यांदा वाचताना शाळेत ऐकलेलं डोक्यात होतं, की बालकवी म्हणजे निसर्गकवी, 'फुलराणी'वाले, 'आनंदी आनंद गडे'वाले. नंतर डोक्यात रेल्वेचा रूळ होता. दोन्ही वेळा उत्तर आधी आलं आणि कविता मागून. तुझं पत्र चाळून बघ. पानंच्या पानं उलटली तरी कवितेतला एक शब्द अवतरणात नाही. 'गोड काळिमा' हा पहिला, आणि नेमका तिथेच तुझा पाय अडखळला.

म्हणून सांगते, आधी ओळ दाखव. अर्थ मग सांग.

रंगांपासून सुरू कर. 'हिरवाळी', 'हिरवी गरदी', 'हिरव्या कुरणामधुन'. पहिल्या तिन्ही कडव्यांत हिरवा एकेकदा येतो आणि शेवटच्या कडव्यात अजिबात येत नाही. इथवर तूही आली होतीस, 'शेवटी अचानक अंधार येतो' असं लिहिलंस. अचानक? दुसरी ओळ वाच. 'निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.' सावळेपण तिथूनच पाण्यात आहे. तिसऱ्या कडव्यात ते 'काळ्या डोहाकडे' होतं, चौथ्यात 'काळिमा'. काळोख कुणी बाहेरून आणून टाकलेला नाही, तो पहिल्या कडव्यापासून हिरव्याच्या शेजारीच वाहतोय. आता 'गोड' तितकं विचित्र वाटतं का? कदाचित अजूनही वाटेल. चालेल. पण प्रश्न आता कवितेतून आलेला असेल.

मग बघणारा कुठे उभा आहे ते शोध. पहिल्या ओळीत दोन्ही तट आहेत, ऐल आणि पैल. 'चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे', म्हणजे बघणारा अलीकडे आहे. पैल म्हटलं की आपल्याला लागलीच पैलतीर आठवतो, आणि पैलतीर म्हणजे मरण, हे तर आपल्या रक्तातच आहे. इथे पैल बाजूला काय आहे? घरं आणि पिकं. राबती वस्ती पलीकडे आहे. अलीकडच्या काठावर कवी हिरवाळीपलीकडे काहीच देत नाही. तुझ्या चार अवस्थांचं गणित इथेच मोडतं, कारण तू बघणाऱ्याला त्या पायवाटेवरून चालवत नेलंस. तो त्या वाटेवर आहे असं कुठे म्हटलंय? ओळ दाखव.

वाटेवर खरं तर कुणीच नाही. गाव आहे, शेतं आहेत, पण एक माणूस दिसत नाही. वाटच 'चालली' आहे. पायवाटेला पायांचा धनी नाही, आणि आठ ओळींत ज्याचे पाय दिसतात ते एक झाड आहे. ते पाण्यात पाय टाकून बसलंय. सगळं वाहतं, पसरतं, चालतं आणि शेवटी कुणीतरी बसतं. शेवटचं कडवं मोठ्याने वाच आणि 'काळिमा पसरी लाटांवर' याचा कर्ता शोध. काळिमाच पसरतोय की पुढच्या ओळीतला औदुंबर तो पसरवतोय? कर्त्याचं नाव कवीने पार शेवटच्या शब्दापर्यंत रोखून धरलंय. तोवर आपण कुणाकडे बघतोय हेच कळत नाही. मला विचारशील तर काळिमा झाडाचा आहे. पण दुसरं वाचन मी खोडून काढू शकत नाही, आणि खोडायची गरजही वाटत नाही.

मृत्यूचा अर्थ चूक आहे असं मी म्हणत नाहीये, हे नीट वाच. जाणत्या लोकांनी या झाडात उदासी पाहिली, विरक्त योगी पाहिला. पाहू देत. त्यांनी तो अर्थ 'पाय टाकुनी' आणि 'बसला' यांतून काढला असेल तर माझा आक्षेप नाही. भादलीच्या रुळांवरून काढला असेल तर आहे. कविता लिहिणाऱ्याला आपला अपघात ठाऊक नव्हता. नंतर घडलेलं आधीच्या ओळींत घुसवणं मला असभ्यपणाचं वाटतं, आणि या बाबतीत मी हट्टी आहे.

हा हट्ट मला महाग पडला आहे. आठ ओळींवर दिवसच्या दिवस घालवते आणि पोर्शन मागे राहतो, अशी माझी तक्रार वरपर्यंत गेली होती. पोर्शन मागे राहत होता, हे खरंच आहे. 'मग परीक्षेत काय लिहायचं?' असं विचारणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. त्यांतली काही फार हुशार होती. कंटाळून मराठी सोडून गेली. त्यांचे चेहरे आठवले की आजही चुटपुट लागते. पण त्यांना चार ओळींचा तयार अर्थ देऊन मी थांबवून ठेवायला हवं होतं का? नाही. तो अर्थ त्यांना कुठेही मिळाला असता, त्यासाठी मी कशाला हवी होते? हे मी तुला सांगतेय की स्वतःला, कोण जाणे.

असो. नवं टिपण लिहिताना जुनं फाडू नकोस. निसर्गचित्र, मृत्यू, अपघात हे सगळं राहू दे आणि प्रत्येकासमोर त्या त्या वेळी तू कुठली ओळ पाहिली होतीस ते लिही. जिथे ओळ सापडणार नाही तिथे कोरी जागा सोड, आव आणू नकोस. कविता पाठ कर. आठ ओळी पाठ नसताना त्यांच्यावर पानं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो, तू त्यांत नसावीस. 'मला वाटतं' या शब्दांनी एकही वाक्य सुरू करू नकोस, आणि समीक्षेची पुस्तकं सध्या बंद ठेव. ती नंतर वाचायचीच आहेत, पण तेव्हा त्यांच्याशी भांडता आलं पाहिजे.

टिपण पुढच्या आठवड्यात पाठव. अपुरं असलं तरी पाठव.

तुझ्या बाई

ता. क. डोहाचं पाणी संथ असतं, मग 'लाटांवर' कसं? आणि 'बसला असला औदुंबर' मधल्या 'असला'वर तू आजवर एक अक्षर लिहिलेलं नाहीस. 'असला' म्हणजे कसला? कवीने तर आधी झाडाचं काहीच वर्णन केलेलं नाही. यावर लिहिल्याशिवाय पाठवलंस तर परत करीन.