क्रूगरमध्ये राहायचं कुठे: उद्यानाच्या आत की बाहेर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण आफ्रिकेची सहल, मे महिना, 9 रात्री, तुम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई. सासूबाई अंडंही खात नाहीत आणि त्यांचे गुडघे दुखतात. एजंटनं दिलेल्या यादीत केप टाउन, सन सिटी, व्हिक्टोरिया फॉल्स आणि क्रूगर असं सगळंच आहे. त्यात क्रूगरला दोन रात्री, त्याही उद्यानाबाहेरच्या लॉजवर.

ती यादी बाजूला ठेवा. क्रूगर हे वन्यप्राण्यांचं राष्ट्रीय उद्यान दक्षिणोत्तर साधारण 360 किलोमीटर लांब आहे, क्षेत्रफळ 19,000 चौरस किलोमीटरच्या वर. दोन रात्रींत तुम्हाला त्याचं फाटक आणि पार्किंग दिसेल. मी तीनदा गेलोय. पहिल्यांदा तुमच्यासारखाच बाहेर राहिलो होतो, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

बाहेर राहण्यातली अडचण खोलीची नसते. खोल्या छान असतात, पोहण्याचा तलाव असतो, नाश्ता भरपूर. अडचण अशी की नाश्ता सातला, आणि प्राणी सहाला. बाहेरून येणाऱ्यांची फाटकावर रांग, तिथे कागद भरा, पैसे भरा, आणि आत शिरेपर्यंत सिंह सावलीत जाऊन आडवा झालेला. उद्यानाच्या आतल्या रेस्ट कॅम्पात राहिलात की कॅम्पचं फाटक उघडलं की तुम्ही थेट जंगलात. मे महिन्यात ते सकाळी 6 ला उघडतं आणि संध्याकाळी 5:30 ला बंद होतं. ही साडेपाचची वेळ गंमत समजू नका, उशीर झाला तर दंड होतो. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 50, कच्च्यावर 40. मध्ये हत्ती आडवा आला तर त्याची मर्जी होईपर्यंत थांबायचं. त्यामुळे परतीला नकाशा सांगतो त्याच्या दीडपट वेळ धरा.

हे कॅम्प सरकारी आहेत, सॅनपार्क्स या संस्थेचे. आपल्याकडच्या वनखात्याच्या विश्रामगृहांची आठवण येईल, पण चादरी स्वच्छ. गवती छपराची गोल घरं असतात, त्यांना तिथे राँडावेल म्हणतात. बुकिंग करताना एक गोष्ट नीट वाचा. 'हट' स्वस्त पडते, पण बऱ्याच हट्सना संडास-बाथरूम सामाईक असतात, आणि रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन चालत जाणं सासूबाईंना जमणार नाही. 'बंगलो' घ्या, आणि त्यातही स्वतःचं छोटं स्वयंपाकघर असलेला. खोल्या जवळजवळ वर्षभर आधी खुल्या होतात आणि नदीकाठच्या लगेच संपतात. नाही मिळाली तर हिरमुसू नका. लोक रद्द करत असतात, रोज सकाळी चहाबरोबर साइट उघडून बघायची. आम्हाला लोअर साबी या कॅम्पातली नदीकाठची खोली अशीच, निघण्याच्या तीन आठवडे आधी मिळाली.

तुमच्या 9 रात्री मी अशा वाटीन. विमान दुपारी उतरणार असेल तर त्याच दिवशी क्रूगर गाठायचा विचार सोडा. पहिली रात्र जोहान्सबर्ग विमानतळाजवळच. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून एन-4 महामार्गानं क्रोकोडाइल ब्रिज फाटक, साधारण पाच तास, आणि तिथून लोअर साबी. तिथे तीन रात्री. मग उत्तरेला सतारा कॅम्प, तीन रात्री. ओर्पेन फाटकातून बाहेर पडून ब्लाइड नदीची दरी बघत ग्रास्कोप गावी एक रात्र, आणि शेवटची परत जोहान्सबर्ग. केप टाउन पुढच्या खेपेला. व्हिक्टोरिया फॉल्सही.

सतारा हे नाव वाचून सगळे मराठी लोक तोच विनोद करतात. आपल्या साताऱ्याशी त्याचा संबंध नाही. जमिनीची मोजणी करणाऱ्याबरोबर एक भारतीय मदतनीस होता, त्यानं सतरा नंबरच्या तुकड्याला 'सत्रा' म्हटलं आणि त्याचं सतारा झालं, असं सांगतात. तिथली जमीन बेसॉल्टची, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड. त्यावर गोडसर गवत येतं, गवतावर झेब्रे आणि विल्डबीस्ट, आणि त्यांच्यामागे सिंह. सिंह दिसेलच असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, पण शक्यता वाढवायची तर सताऱ्याहून निघणारा एस-100 हा कच्चा रस्ता पहाटे धरा. मे महिना त्यासाठी उत्तम. पाऊस संपलेला असतो, गवत वाळायला लागतं आणि जनावरं पाण्यावर यायला लागतात. पहाटे मात्र कडाक्याची थंडी. आपण मे म्हटलं की सुती कपडे भरतो. स्वेटर, कानटोपी न्याच.

आता लोअर साबी. कॅम्पपासून पाच मिनिटांवर सनसेट डॅम नावाचा पाणवठा आहे, अगदी रस्त्याला लागून. माझी आई तेव्हा 71 ची. पहिल्या दोन दिवसांत आम्ही तिला गाडीतून दोनशे किलोमीटर हिंडवलं आणि ती वैतागली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला आता कुठेही नेऊ नका, इथेच बसते." मग गाडी पाण्याकडे तोंड करून लावली, इंजिन बंद, फ्लास्कमधला चहा. पाण्यातून वाफ निघत होती. एक पाणघोडा नुसते कान आणि नाकपुड्या वर ठेवून होता, त्याच्या पाठीवर बगळा. काठावर मगर ओंडक्यासारखी. अर्ध्या तासानं पाणघोड्यानं जांभई दिली आणि आई मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाली, तर शेजारच्या गाडीतले आजोबा हसायला लागले. नंतर हत्तींचा कळप आला. दोन तास आम्ही एक मीटरही हललो नव्हतो. तुमच्याही गाडीत कुणी "चला, पुढे बघू" म्हणत असेल तर त्याला मागे बसवा.

गुडघ्यांपेक्षा मोठा प्रश्न बाथरूमचा, आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. रस्त्यावर गाडीतून उतरायला सक्त मनाई आहे. झाडामागे वगैरे अजिबात नाही. त्यामुळे दिवसाचा रस्ता आखताना ठरवून दिलेल्या पिकनिकच्या जागा आधी बघायच्या: लोअर साबी ते स्कुकुझा (उद्यानातला मुख्य कॅम्प) रस्त्यावर न्कुह्लू, स्कुकुझा ते सतारा रस्त्यावर त्शोक्वाने. तिथे स्वच्छतागृहं आहेत आणि खायलाही मिळतं. न्कुह्लूची माकडं आपल्या सप्तशृंगीच्या माकडांच्या तोंडात मारतील अशी. बाकरवडीचं अख्खं पाकीट माझ्या हातातून गेलं, आणि माकडानं ते फोडून, वास घेऊन, टाकून दिलं. कॅम्पातही फ्रीज व्हरांड्यात असतो, जाळीच्या कपाटात. कडी लावली का हे दर वेळी तपासा.

जेवणाची काळजी नको. कॅम्पच्या उपाहारगृहात शाकाहाराचं नशीब म्हणजे चिप्स, सॅलड आणि चीज टोस्ट. पण स्वयंपाकघर असलेला बंगलो घेतला की प्रश्नच मिटला. 1860 पासून भारतीय वंशाची वस्ती असलेला देश आहे, मोठ्या सुपरमार्केटात तूरडाळ, मूगडाळ, हळद, जिरं सगळं मिळतं. उद्यानात शिरण्याआधी वाटेतल्या मबोंबेला शहरात थांबून भरून घ्या, आतल्या दुकानांत भाजी यथातथाच. घरून तीन लिटरचा कुकर, मेतकूट, गोडा मसाला. तूप, मध, ताजी फळं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. विजेची शेगडी फार हळू तापते, त्यामुळे आल्याबरोबर कुकर लावायचा आणि मग अंघोळीला जायचं. आणि एक गंमत: तिथला जाड तीन पिनांचा प्लग म्हणजे आपल्या गीझरचा 16 ॲम्पियरवाला. वेगळा ॲडाप्टर घेऊ नका, तसा प्लग असलेला घरचा एक्स्टेंशन बोर्ड न्या.

गाडी स्वतः चालवा. स्टीअरिंग उजवीकडे, रस्ता डावीकडे, आपल्यासारखंच. गाडी भाड्यानं घेताना क्रेडिट कार्ड ज्याच्या नावावर, गाडीही त्याच्याच नावावर. आमचं कार्ड बायकोचं आणि लायसन्स माझं होतं. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे नाही सांगितलं आणि आम्ही दोन तास विमानतळावर फोन करत बसलो. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून ठेवा. शहरात काचा वर, बॅगा डिकीत, आणि अंधार पडल्यावर महामार्गावर गाडी नको.

मलेरियासाठी पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटा, मेमध्ये धोका संपलेला नसतो. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट असेल तर पीतज्वराच्या लशीचं आधी विचारून घ्या. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं. मुलीचा जन्मदाखला, आईवडील दोघांची नावं असलेला, इंग्रजीत, जवळच्या बॅगेत. उद्यानाचं रोजचं माणशी शुल्क खोलीभाड्यात धरलेलं नसतं आणि परदेशी लोकांना ते चांगलंच बसतं. सहा रात्रींसाठी 'वाइल्ड कार्ड' नावाचा वार्षिक पास स्वस्त पडतो का, याचा हिशेब करून बघा.

सॅनपार्क्सच्या उघड्या ट्रकमधली संध्याकाळची सफर एकदा नक्की करा. सहा वर्षांखालची मुलं घेत नाहीत, तुमची आठची आहे. सासूबाईंना ट्रकची शिडी जमते का, हे आधी बघून घ्या.

आणि दुर्बिणी दोन घ्या. एकच नेली तर ती तुमच्या मुलीची.