मुलाने चर्च सोडलं, आता आमचं नातं राहील का?

हा प्रश्न मला अमेरिकेतल्या यूटामध्ये इतक्या जणांनी विचारलाय, की माणूस खुर्चीत टेकतो तेव्हाच मला त्याचा अंदाज येतो. विचारणारे कधी आईवडील असतात, कधी नवरा किंवा बायको, तर कधी मॉर्मन चर्च सोडलेली मुलगी स्वतःच. सॉल्ट लेक सिटीच्या आसपास समुपदेशन करायचं तर हा विषय टळत नाही. भारतातल्या मैत्रिणींना याचं नवल वाटतं. चर्चला जायचं बंद केलं तर केलं, त्यात एवढं काय, असं त्या म्हणतात. म्हणून आधी त्यात एवढं काय आहे ते सांगते.

मॉर्मन चर्च 1830 साली जोसेफ स्मिथने न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलं. 1847 मध्ये ब्रिगम यंगबरोबर त्याचे अनुयायी इथल्या खोऱ्यात येऊन वसले. (2018 पासून चर्चच्या नेतृत्वाचा आग्रह आहे की 'मॉर्मन' न म्हणता चर्चचं पूर्ण लांबलचक नाव घ्यावं. समोर श्रद्धावान माणूस असेल तर मी तो पाळते. इथे आपल्या सोयीसाठी जुनंच नाव वापरते.) जगभरात सदस्य 1 कोटी 70 लाखांच्या वर आहेत. बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांत भरतात ते नियम: चहा-कॉफी नाही, दारू-तंबाखू नाही, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. पण घरं ढवळून निघतात ती कॉफीमुळे नाहीत. चर्चच्या मंदिरात विधिपूर्वक बांधलं गेलेलं कुटुंब मृत्यूनंतरही एकत्र राहतं, ही त्यांची श्रद्धा आहे. आपल्याकडे माळकरी घरातल्या मुलाने माळ काढून ठेवली तर आई रडेल, चार दिवस अबोला धरेल. पण वैकुंठात आपल्या पंगतीला त्याचं पान मांडलं जाणार नाही, अशी धास्ती काही ती घेत नाही. इथली आई घेते.

अशाच एका आई-मुलाबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलंय.

आई साठीच्या आसपासची, मुलगा तिशी ओलांडलेला. मुलाने इतर हजारो मुलांसारखी दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रचारावर काढलेली, तीही ब्राझीलमध्ये. तिथे त्याने अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांना चर्चमध्ये आणलं होतं. 1978 पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद मिळत नव्हतं, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. पण त्याची जी कारणं जुन्या नेत्यांनी वर्षानुवर्षं सांगितली, ती आता चर्चलाच मान्य नाहीत, हे त्याने बऱ्याच नंतर वाचलं. आणि वाचलं कुठे, तर चर्चच्याच संकेतस्थळावर. 2013 पासून चर्चने इतिहासातल्या अवघड प्रश्नांवर तिथे लेख प्रसिद्ध केले. तिथून तो जोसेफ स्मिथच्या अनेक विवाहांवरच्या लेखाकडे गेला, आणि मग वाचतच गेला. आईची समजूत मात्र अशी, की ऑफिसातल्या कुणीतरी त्याचे कान भरले.

दोघं माझ्याकडे आले ते धाकट्या बहिणीचं लग्न ठरल्यावर. लग्न जवळच्या ड्रेपर शहरातल्या मंदिरात व्हायचं होतं. मंदिरात आत जायला बिशपने मुलाखत घेऊन दिलेलं पात्रतेचं कार्ड लागतं. मुलाकडे ते आता नव्हतं. म्हणजे बहिणीच्या लग्नात सख्खा भाऊ दाराबाहेर.

पहिल्या भेटीत मुलगा फोनमध्ये मुद्दे लिहून आला होता आणि आई पर्समध्ये चर्चच्या नेत्यांच्या भाषणांची कात्रणं घेऊन. मी दोन्ही बाजूला ठेवायला लावलं. म्हटलं, "जोसेफ स्मिथ प्रेषित होता की नव्हता, याचा निकाल या खोलीत लागणार नाही. त्या कामाची मी फी घेत नाही." आई हसली नाही, मुलगा थोडासा हसला. माझ्या अनुभवात या वादात धर्मशास्त्र पुढे करतात, कारण त्यावर बोलणं सोपं जातं. आतलं बोलणं जड जातं.

ते बाहेर आलं तिसऱ्या-चौथ्या भेटीत, आणि अगदी अनपेक्षित वाटेने. मंदिरात प्रार्थनेसाठी नावं देण्याची पद्धत आहे. आजारी माणसांची, अडचणीतल्या माणसांची नावं तिथे देतात. हल्ली ऑनलाइनही देता येतात. आपलं नाव तिथे जातं, हे मुलाला बहिणीकडून कळलं होतं. तो धुमसतच आला.

"तू माझं नाव देतेस. कॅन्सरच्या पेशंटांच्या ओळीत. मला काय झालंय?"

आई काही बोलेना. पर्सची चेन उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. मी विचारलं, "याचं नाव पहिल्यांदा कधी दिलं होतं, आठवतंय?"

तिने जरा विचार केला. "अकरा वर्षांचा होता. सायकलवरून पडला होता. हातात प्लेट घालायची होती. मग मिशनवर गेला तेव्हा तर दर आठवड्याला द्यायचे. तेव्हा फोन करू देत नव्हते ना." मग मुलाकडे न बघता म्हणाली, "तुझ्या बहिणीचंही देते. परवाच दिलं. लग्न आहे तिचं."

"तिचं पण?"

"तिचं पण म्हणजे? दोघांचं देते."

खोलीतला ताण एकदम उतरला. पुष्कळ समुपदेशकांनी इथे समाधानाने भेट संपवली असती. मला तो मोह होत नाही. कारण नुसत्या गैरसमजाचं असतं, तर एव्हाना ते घरीच मिटलं असतं. मी आईला विचारलं, "नाव तेच देताय. मागणंही तेच आहे?"

ती बराच वेळ थांबली. "नाही. आधी म्हणायचे, याला सुखी ठेव. आता म्हणते, याला परत आण."

"पहिलं चालेल मला," मुलगा म्हणाला.

एवढंच. पण या वाक्यावर आम्ही पुढच्या कितीतरी भेटी काढल्या. मुलाला प्रार्थना नको होती असं नाही. त्या प्रार्थनेत स्वतःविरुद्धचा निकाल नको होता. आईला हे ऐकून आधी हायसं वाटलं आणि लगेच भीती वाटली.

"म्हणजे मी आशा सोडून देऊ?"

"आशा ठेवा," मी म्हटलं. "ती त्याच्याकडून वसूल करू नका."

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या परंपरेत शिकले. मराठीत ती पद्धत कि. मो. फडके यांनी रुजवली आणि माझा पाया त्यांच्याच लेखनावर घातला गेला. त्या शिकवणीचं सार माझ्यापुरतं असं: इच्छा कितीही मोठी असली तरी माणसाला मोडत नाही. तिचा हट्ट झाला की मोडते. मुलगा परतावा ही आईची इच्छा तिच्या श्रद्धेइतकीच खरी आहे आणि ती काढून घ्यायचा मला अधिकार नाही. पण तो परतलाच पाहिजे, नाहीतर माझं आईपण फुकट, या वळणावर ती इच्छा मुलाच्या मानगुटीवर बसते. मग तो जेवायला आला तरी आई मनात हिशेब मांडते, की आज प्रार्थनेला त्याने मान खाली घातली का, मागच्या वेळेपेक्षा जरा मऊ वाटला का. मुलाला तो हिशेब ताटावर बसल्या बसल्या कळतो.

आणि चर्च सोडलेला माणूस हट्टातून सुटलेला असतो, असं मुळीच नाही. उलट मिशनवर दोन वर्षं दारं ठोठावण्याची सवय लागलेली असते. विश्वास जातो, सवय राहते. हा मुलगा आईला दर आठवड्याला काही ना काही वाचायला पाठवायचा. मी विचारलं, "समज, आईने सगळं वाचलं, आणि तरीही ती चर्चमध्येच राहिली, तर?"

तो म्हणाला, "मग तिने नीट वाचलं नसेल."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्याचं त्यालाच हसू आलं. "हे मी ब्राझीलमध्ये करायचो. लोक नाही म्हणाले, की वाटायचं, यांनी मनापासून प्रार्थना केली नसेल."

त्यानंतर पाठवापाठवी थांबली. आईने आपलं म्हणणं मान्य केल्याशिवाय आपण खरे ठरत नाही, असं त्याला वाटत होतं. चर्च सोडलेल्यांत हे मी फार पाहते. त्यांनी इतकं मोठं सोडलेलं असतं, की निदान घरच्यांनी तरी बरोबर केलंस म्हणावं अशी भूक लागते. ती भूक समजण्यासारखी आहे. पण श्रद्धावान आईकडून ती भागणार नाही. भागवायची तर मित्रांत भागवावी.

आता लग्नाचं. अमेरिकेत 2019 पर्यंत अशी अट होती, की आधी बाहेर लग्न केलं तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागे. त्यामुळे आधी बाहेर लग्न करणाऱ्यांकडे लोक जरा संशयाने बघत. त्या वर्षी चर्चने ती अट काढली, पण संशय एका परिपत्रकाने जात नाही. आईची भीती वॉर्डातल्या बायकांची होती. (वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी.) मी तिला एवढंच दाखवलं, की इंग्लंडसारख्या देशात कायद्यामुळे आधी सर्वांसमक्ष लग्न करावंच लागतं आणि तिथल्या जोडप्यांना मग मंदिरात जाताना कुणी कमी लेखत नाही. निर्णय मात्र नवरीचा. भाऊ आणि आई यांच्या भांडणात तिला न्यायाधीश करायचं नाही, हे मी दोघांना निक्षून सांगितलं. तिने स्वतःच ठरवलं: सकाळी मागच्या अंगणात सगळ्यांसमोर लग्न, दुपारी मंदिरातला विधी. दुपारी भाऊ काय करणार, हेही आधी ठरवून ठेवलं. तो मंदिराच्या आवारात ताटकळणार नव्हता, हॉलवर जेवणाची मांडामांड बघणार होता. अशा दिवशी माणसाच्या हाताला काम असावं.

माझ्याकडे येणाऱ्या श्रद्धावान आईवडिलांना मी आणखी दोन-तीन गोष्टी सांगते. मुलाला न विचारता बिशपला किंवा वॉर्डातल्या कुणाला त्याच्या घरी पाठवू नका. तुम्ही प्रेमाने पाठवता, त्याला पाळत वाटते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सभेत लोक उठून आपल्या श्रद्धेची साक्ष देतात, तिथे त्याची गोष्ट सांगू नका, नाव न घेताही नाही. आणि त्याने पाप केलं, आळस केला किंवा कुणी दुखावलं म्हणून तो गेला, ही समजूत सोडा. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. 2013 च्या परिषदेत डीटर ऊख्तडॉर्फ यांनी, तेव्हा ते चर्चच्या सर्वोच्च त्रयीत होते, सोडणाऱ्यांबद्दल असं धरून चालू नका, असंच सांगितलं होतं. माझ्यासारख्या बाहेरच्या बाईपेक्षा त्यांचं नाव अशा वेळी जास्त कामाला येतं.

सोडलेल्यांना सांगते, की आईच्या स्वयंपाकघरात कॉफी करण्याचा हक्क बजावू नका. ती तुमच्या घरी आली तर मशीन लपवूही नका. जेवणाआधीच्या प्रार्थनेला गप्प बसण्याने तुमचं मत विकलं जात नाही.

नवरा-बायकोंत हे सगळं जास्त अवघड, कारण तिथे पैसे आणि मुलं येतात. दशांश कुणाच्या पगारातून द्यायचा, यावर तडजोड होते. मूल आठ वर्षांचं झालं की बाप्तिस्म्याचं वय येतं, तिथे अर्धं-अर्धं करता येत नाही. अशा जोडप्यांना मी म्हणते, मूल पाच-सहा वर्षांचं असतानाच बोलायला या. साडेसातव्या वर्षी आलात तर तारीख ठरलेली असते, आजी-आजोबांची तिकिटं काढलेली असतात, आणि मग कुणीही शहाणं बोलत नाही.

ते आई-मुलगा अजून अधूनमधून येतात. सध्याचा प्रश्न आहे चर्चच्या नोंदीतून नाव काढण्याचा. जाणं बंद करणं आईने पचवलं, पण रीतसर नाव काढणं तिला सहन होत नाही. मुलाला ते पत्र पाठवायचंय. मागच्या भेटीत त्याने एवढंच कबूल केलं, की पाठवायच्या आधी तिला सांगेल. तिने कबूल केलं, की सांगितल्यावर ती त्या दिवशी त्याला फोन करणार नाही, दुसऱ्या दिवशी करेल.